माळावरचं एकुलतं अंडं

सातारा-सांगलीच्या माणदेशासारखाच सोलापुरातल्या नान्नजचा कोरडा माळ. तिथलं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. हा पक्षी उडतो खरा, पण जड अंगामुळे वावर जमिनीवरच. मादी उघड्या मातीत बहुधा एकच अंडं घालते. कुत्री-कोल्हे टपलेलेच असतात.

म्हणून राजस्थानात जैसलमेरजवळच्या सम इथल्या प्रजनन केंद्रात २०१९पासून रानातली अंडी आणून यंत्रात उबवतात. पिल्लांना माणसं हातानं भरवतात. ऑक्टोबर २०२४मध्ये रामदेवऱ्याच्या दुसऱ्या केंद्रातल्या नराचं वीर्य सुमारे २०० किलोमीटरवर समला नेऊन कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला घातलं. केवढं मोठं यश!

न उडणाऱ्या किवीसाठी न्यूझीलंडही १९९४पासून रानातली अंडी आणून उबवतं. पिल्लू किलोभराचं झालं की छोट्या शिकारी प्राण्यांना तोंड देतं. मग ते रानात सोडतात.

माळढोकाला सोडायचं तर मोकळा माळ हवा. समोरचं नीट दिसत नसल्यानं तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. आधी तारा जमिनीखाली जायला हव्यात.