भंडाऱ्याच्या मँगॅनीज थरांतील प्राचीन समुद्र

तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीजच्या खाणी सर्वपरिचित आहेत. परंतु तेथील खडक हे एके काळी समुद्रतळावरील गाळ होते, ही गोष्ट धातुकाच्या व्यापारापुढे सहसा विसरली जाते.

खनिज तेलाच्या द्रोणीत प्राचीन समुद्राचे स्वरूप ठरविणे तुलनेने सुकर असते. मुंबई हाय येथे १९७४ साली ज्या मायोसीन चुनखडकात तेल सापडले, त्यासारख्या खडकांतील फोरॅमिनीफेरांच्या कवचांवरून पाण्याची खोली अजमावता येते. भंडाऱ्याच्या सौसर गटात ही सोय नाही. हे खडक कँब्रियनपूर्व कालातील असून कवचधारी प्राणी तेव्हा अस्तित्वातच नव्हते. शिवाय उष्णता व दाब यांमुळे मूळ कणांचे नव्या स्फटिकांत रूपांतर झाले आहे. तेव्हा साक्ष घ्यावयाची ती खडकांच्या रासायनिक घटनेची आणि स्तरांच्या क्रमाची.

येथील क्वॉर्ट्झाइट म्हणजे मुळात लाटांनी धुऊन निवडलेली वाळू, अभ्रकयुक्त सुभाजा म्हणजे चिखल, आणि संगमरवर म्हणजे चुनामय गाळ. मँगॅनीजचे थर मुख्यतः मनसर शैलसमूहाच्या सुभाजांत सापडतात, म्हणजे ते संथ पाण्यातील चिखलाचे सोबती होत. प्राणवायूचा अभाव असलेल्या खोल पाण्यात मँगॅनीज विरघळलेले राहते. ते पाणी किनाऱ्यालगतच्या प्राणवायुयुक्त पाण्यात मिसळले की मँगॅनीजची ऑक्साइडे तळाशी बसतात. लोह अल्प प्राणवायूतही, म्हणजे मँगॅनीजच्या अगोदरच, वेगळे होते. म्हणूनच लोह कमी व मँगॅनीज विपुल असा थर हा या दोन जलराशींच्या सीमेचा निदर्शक मानावयास हरकत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मॉर यांनी १९०९ च्या आपल्या बृहद्ग्रंथात ज्याचे विस्ताराने वर्णन केले, तो गोंडाइट या दृष्टीने विशेष बोलका आहे. गोंड लोकांवरून नाव पडलेला हा खडक स्पेसर्टाइट गार्नेट व क्वॉर्ट्झ यांचा बनलेला असतो. स्पेसर्टाइटला मँगॅनीजबरोबर ॲल्युमिनियमही लागते, आणि ते चिकणमातीखेरीज कोठून यावयाचे? गार्नेट विपुल असेल तेथे मँगॅनीजच्या गाळात चिखल मिसळला होता. गार्नेट नाममात्र व ब्राउनाइट अधिक असेल तेथे जमिनीवरून येणारा गाळ मंदावला होता. एकाच थरातील अशी आलटापालट ही त्या समुद्राची दैनंदिनीच होय, अर्थात तिची पाने क्रमाने लागलेली असतील तर. या प्रदेशातील स्तरांना तीव्र घड्या पडल्या असल्याने एकच थर दोनतीन वेळा पृष्ठावर येतो, आणि उतावळा अभ्यासक तितक्याच वेळा समुद्र पुढे सरकल्याची नोंद करून बसतो.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. डोंगरी बुजुर्ग येथील काळे डायऑक्साइड धातुक शुष्क विद्युत् घटांसाठी मोलाचे असले, तरी ते बव्हंशी समुद्राने घडविलेले नाही. मूळ थर जमिनीलगत आल्यावर पावसाचे पाणी व हवा यांनी त्यांत पुष्कळ नंतर घडविलेला तो बदल होय. त्याच्या पृथक्करणावरून सागरजलाविषयी अनुमान काढणे सयुक्तिक नाही. नमुना घ्यावयाचा तर तो ऋतुक्षरण न पोचलेल्या खोलीवरील गोंडाइटचा, वरखालच्या सुभाजांसहित, आणि घडीच्या कोणत्या बाजूचा आहे हे जागच्या जागी टिपूनच घ्यावा.