चांदीच्या नाण्यांची लिलावविक्री

चलनातून गेलेली चांदीची नाणी संग्राहकांना चढत्या बोलीने विकण्याची पद्धती. पूर्वी असे लिलाव ठराविक दिवशी, ठराविक ठिकाणी आणि नाणी प्रत्यक्ष पाहण्यास ठेवून होत. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘ईबे’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्यानंतर हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन होऊ लागला. ऑनलाइन लिलावात विक्रेता व ग्राहक यांची भेट होत नाही आणि पैसे दिल्यानंतरच नाणे ग्राहकाच्या हाती पडते. त्यामुळे बोली लागते ती नाण्याच्या छायाचित्रावर व वर्णनावर. पूर्वी सराफाची कसोटी व तराजू जे काम करीत, ते येथे अचूक वर्णनाला व विक्रेत्याच्या पतीला करावे लागते.

मूल्याचे घटक : चांदीच्या नाण्याला तीन प्रकारचे मूल्य असते : दर्शनी मूल्य, धातूचे मूल्य आणि संग्राह्य मूल्य. शेरशाह सूर (कार. १५४०–४५) याने सु. ११.५ ग्रॅ. वजनाचा चांदीचा रुपया प्रचारात आणला, तेव्हा पहिली दोन मूल्ये जवळजवळ सारखी होती. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही इ. अनेक प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत. सराफ त्यांचे वजन व कस पाहून बट्टा आकारीत. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये १८० ग्रेन म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅ.) वजनाचा एकच रुपया ठरविला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १८९३ मध्ये खाजगी चांदी टाकसाळीत आणून तिची नाणी पाडून घेण्याची मुभा बंद झाली आणि दर्शनी मूल्य धातूच्या मूल्यापासून अलग झाले. दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४० पासून, रुपयातील चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आणण्यात आले. १९४७ चा रुपया निकेलचा आहे.

धातूचे मूल्य काढणे सोपे आहे. १८३५ च्या प्रमाणाच्या रुपयात सु. १०.६९ ग्रॅ., तर १९४० नंतरच्या चांदीच्या रुपयात सु. ५.८३ ग्रॅ. शुद्ध चांदी असते. या वजनाला चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने गुणले असता विक्रीची किमान पातळी कळते. घरातील जुने रुपये विकू पाहणाऱ्या कुटुंबाचे नुकसान बहुधा दोन प्रकारांनी होते. दुर्मिळ नाणे मोडीच्या भावाने जाते, किंवा सामान्य नाण्याला लाखो रुपये मिळतील या आशेने फसवणूक ओढवते.

दुर्मिळता : नाणे जुने म्हणून दुर्मिळ, हा समज बरोबर नाही. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावरील १८६२ हे साल पुढील अनेक वर्षे तसेच ठेवून रुपये पाडले गेले. त्यामुळे या सालाचे रुपये विपुल आढळतात. ठिपक्यांची संख्या व मुद्रेतील बारीक फरक यांवरून त्यांचे पोटप्रकार ठरतात आणि त्यांपैकी काहींनाच विशेष किंमत येते. याउलट पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने तो रुपया मागे घेण्यात आला आणि पुढील वर्षी मुद्रा सुधारण्यात आली. म्हणून १९११ चा रुपया १९१२ च्या रुपयापेक्षा दुर्मिळ आहे. सहाव्या जॉर्जचा जुन्या कसाचा १९३९ चा रुपया तर फारच थोडा उपलब्ध आहे आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही बाजारात येतात. टाकसाळीचे चिन्हही महत्त्वाचे असते. उदा., पाचव्या जॉर्जच्या मुंबई टाकसाळीतील रुपयावर मागील बाजूस खाली कमळाजवळ ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

वर्णन व प्रतवारी : चांगल्या वर्णनात राज्यकर्ता, साल, टाकसाळ, दर्शनी मूल्य, शतांश ग्रॅमपर्यंत वजन, व्यास, कडेचे स्वरूप आणि झीज यांची नोंद असते. दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे तिरप्या प्रकाशात घेतल्यास झिजलेले उठाव, ओरखडे व डागाच्या खुणा स्पष्ट होतात. पूर्वी नाण्याला कडी लावून दागिन्यात वापरले असल्यास तशी खूण कडेवर राहते. ती सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होय. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळसर थर चढतो. तो चिंच, रांगोळी किंवा पॉलिश लावून काढल्यास पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात व संग्राह्य मूल्य घटते. म्हणून विक्रीपूर्वी नाणी घासू नयेत.

झिजेच्या प्रतवारीसाठी विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये अमेरिकन सेंट नाण्यांकरिता १ ते ७० अशी अंकश्रेणी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रतवारी करणाऱ्या त्रयस्थ संस्था निघाल्या. त्या नाणे तपासून, त्यावर अंक देऊन ते पारदर्शक मोहोरबंद डबीत ठेवतात. या सेवेचा खर्च येतो. त्यामुळे ती मौल्यवान नाण्यांनाच परवडते. डब्यांच्याही नकला होत असल्याने डबीवरील क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो.

बनावट नाणे ओळखण्याच्या घरगुती चाचण्यांत वजन, व्यास, कडेच्या खाचा व लोहचुंबक यांचा उपयोग होतो. चांदीचे नाणे चुंबकाला चिकटत नाही. परंतु न चिकटणारे प्रत्येक नाणे चांदीचे असते, असे नाही. पाण्यात बुडवून काढलेली घनता अधिक विश्वसनीय असते. शुद्ध चांदीची घनता दर घ. सेंमी.ला १०.४९ ग्रॅ. असून ११/१२ कसाच्या रुपयाची त्याहून किंचित कमी भरते.

लिलावाची रीत : विक्रेता प्रारंभीची किंमत व मुदत ठरवितो. ज्या किमतीच्या खाली विक्री करावयाची नाही, अशी राखीव किंमतही त्याला ठेवता येते. अनेक संकेतस्थळांवर ग्राहक आपली कमाल मर्यादा आधीच नोंदवितो आणि इतरांच्या बोलीला मागे टाकण्यापुरतीच वाढ यंत्रणा त्याच्या वतीने करीत जाते. परिणामी विजेत्याला दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेपेक्षा थोडीच अधिक रक्कम द्यावी लागते. अशा लिलावाचे अर्थशास्त्रीय विवेचन विल्यम व्हिक्री याने १९६१ मध्ये केले. त्याला १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन जाणकार ग्राहक चढाओढीस असतील, तरच योग्य किंमत येते. यासाठी केवळ मागितलेल्या किमती न पाहता पूर्वी प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात. लिलावगृहाचे कमिशन, कर, विमा व टपालखर्च वजा जाता उरणारी रक्कमच विक्रेत्याची खरी मिळकत होय.

कायदा व फसवणूक : भारतातील १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. आपण बोली लावणार असल्याचे आधी जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा हस्तकाकरवी बोली लावल्यास ग्राहकाला ती विक्री कपटाची मानता येते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली शंभर वर्षांपेक्षा कमी नाही इतके जुने नाणे पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. व्हिक्टोरिया व सातवा एडवर्ड यांचे सर्व रुपये आता या व्याख्येत येतात. म्हणून परदेशी ग्राहकाने मोठी बोली लावली, तरी ते टपालाने धाडणे गुन्हा ठरते.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावधगिरीची सूचना दिली. बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून काही लोक जुनी नाणी व नोटा यांच्या ऑनलाइन व्यवहारासाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागत असल्याचे तीत म्हटले होते. आपण अशा व्यवहारात नाही व कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले. नाणे विकण्याआधीच विक्रेत्याकडून पैसे मागितले जाणे, हे फसवणुकीचे ठळक लक्षण होय.

ऐतिहासिक पुरावा : जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. १८७८ च्या भूमिगत धनविषयक अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. नासिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात नहपान या क्षत्रपाची तेरा हजारांवर नाणी होती व त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठविली होती. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळविलेल्या विजयाचा हा भक्कम पुरावा होय. यांतील एखाद्या सुट्या नाण्यावरूनही पुनर्मुद्रण दिसले असते; परंतु त्याचे प्रमाण, साठ्याचे स्थळ व त्यावरून कळणारा इतिहास साठा एकत्र राहिल्यामुळेच हाती आला. असा साठा नोंद न होता एकेका नाण्याच्या बोलीने विखुरला, तर प्रत्येक नाण्याला किंमत मिळते, पण साठ्याची साक्ष कायमची नष्ट होते. म्हणून नाणे कोठून व कोणाकडून आले याची नोंद वर्णनात असणे, हे ग्राहकाच्या खात्रीसाठी जितके आवश्यक, तितकेच नाणकशास्त्राच्या दृष्टीनेही आवश्यक असते.