खाज माणसाला, किडा सापाचा

अहमदपूरकडचा एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण कमरेवर आणि मनगटांवर लाल पुरळ घेऊन आला. रात्री खाज फार सुटते म्हणाला. मी खरूज धरली आणि घरातल्या पाचही जणांना मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिनचे मलम लावायला सांगितले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा हजर. पुरळ तसेच. बोटांच्या बेचक्यांत काही नव्हते आणि घरात दुसऱ्या कुणालाही खाज नव्हती. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. आता विचारले, "बाबा, कामधंदा काय करतोस?" म्हणाला, "दुकान आहे साहेब. पण साप धरतो."

लोकांच्या घरांतून धरलेले साप तो चार-आठ दिवस एका लाकडी पेटीत ठेवी, आणि पेटी त्याच्या बाजेखाली! त्यातल्या धामणीच्या डोळ्यांभोवती बारीक काळे ठिपके फिरताना त्याने पाहिले होते. ती सारखी पाण्याच्या भांड्यात बसून राही.

हे ठिपके म्हणजे सापाचे माइट. गुरांचा गोचीड आपल्या ओळखीचा. माइट त्याच्याच भाऊबंदांतला, पण जेमतेम एक मिलिमीटरचा. खवल्यांखाली शिरून तो रक्त पितो. फार झाले की साप अशक्त होतो. मादी अंडी घालते ती मात्र सापावर नव्हे, पेटीच्या ओलसर, अंधाऱ्या फटींत. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन-अडीच आठवडे पुरतात. म्हणजे साप सोडून दिला तरी किडे पेटीतच राहतात, पुढच्या सापाला लागतात आणि त्याच्यासोबत रानात जातात. जवळ झोपलेल्या माणसालाही चावतात. पण माणसाच्या अंगावर त्यांची वीण होत नाही. खरजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो. हा चावून निघून जातो. मग माझ्या मलमाचा काय उपयोग?

पेटी घराबाहेर गेली, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुतले, कॅलामाइन आणि रात्री सेट्रिझिनची गोळी दिली. आठवड्यात खाज थांबली. कोंबड्यांच्या खुराड्यातले आणि कबुतरांच्या घरट्यातले माइटही माणसाला असेच चावतात, तेव्हा खाजेसाठी डॉक्टरकडे जाल तर घरात काय पाळले आहे तेही सांगा.

त्याच्या आईने मधल्या काळात झुरळांचा फवारा पेटीत मारला होता. दुसऱ्या दिवशी धामण मेली. फवाऱ्यानेच मेली असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण बंद पेटीत असले औषध मारणे म्हणजे सापाला विष देणेच.

मुळात आपल्याकडचे साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. सर्पमित्रांनी वन विभागाला कळवून साप लवकरात लवकर सोडावा. लाकडी पेटी मोडीत काढावी. झाकणाला भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, तळाला भुश्याऐवजी कागद घालावा, आणि प्रत्येक सापानंतर कागद जाळून डबा कढत पाण्याने धुवावा. कापडी पिशव्या उकळाव्यात.

शहरांत काही हौशी लोक परदेशी अजगर पाळतात. बॉल पायथनसारख्या जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंद करावी लागते. त्यांनी नवा साप महिनाभर तरी इतरांपासून वेगळा ठेवावा. माइट दिसलेच तर गुरांचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचू नये. मात्रा पशुवैद्यच ठरवतील. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारावे. कासवाला तर हे औषध जीवघेणे ठरते.