एका कढईतील रात्रीचे जेवण : माहीम-बोईसर पट्ट्यातील कोंबडी आणि पास्ता

कामाच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक किती लवकर उरकतो, हे पाककृतीच्या लांबीवर फारसे अवलंबून नसते; कोणता जिन्नस कढईत कधी पडतो, त्याच्याबरोबर पाणी किती जाते आणि त्या पाण्याचे पुढे काय होते, यांवर ते ठरते. एकाच भांड्यात कोंबडी आणि पास्ता शिजवण्याची जी पद्धत अलीकडे शहरांतून निमशहरी भागांत रुळू लागली आहे, तिचे बारकाईने निरीक्षण केले असता हेच दिसून येते. पास्ता वेगळ्या पातेल्यात उकडून, पाणी गाळून टाकून, मग रश्श्यात घालण्याऐवजी तो कच्चाच रश्श्यात सोडायचा आणि त्या रश्श्यातील पाणी शोषून शिजू द्यायचा, एवढेच तिचे तत्त्व आहे. २०१३ मध्ये मार्था स्ट्युअर्ट यांच्या अमेरिकी मासिकाने एका भांड्यातील पास्त्याची कृती छापल्यानंतर ती जगभर पसरली. परंतु पुलाव, मसालेभात आणि खिचडी करणाऱ्या कोणत्याही मराठी घराला तिच्यामागचा विचार परका नाही.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील माहीम, म्हणजे केळव्याच्या जोडीने ओळखले जाणारे केळवे-माहीम, हे गाव या पद्धतीचा विचार करण्यास सोयीचे ठिकाण आहे. पानवेली, केळी, नारळ आणि सुपारी यांच्या वाड्यांचे हे गाव पालघर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस आहे. पालघरपासून उत्तरेस उमरोळी आणि त्यापुढे बोईसर ही स्थानके लागतात. बोईसरच्या पश्चिमेकडील तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीज निर्माण करणारा तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प यांमुळे या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांचे घड्याळ पाळीच्या वेळांना बांधले गेले आहे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यानंतर मुंबईच्या दिशेने रोज ये-जा करणेही अधिक सोयीचे झाले. अशा घरात नोकरी करणारी व्यक्ती संध्याकाळी उशिरा दारात येते, तेव्हा वाटण, रस्सा, भात आणि भाकरी असा चार भांड्यांचा स्वयंपाक मांडण्याइतका वेळ आणि उसंत क्वचितच उरलेली असते.

या किनाऱ्याचे मुख्य कालवण अर्थातच मासळीचे आहे, आणि जवळचे सातपाटी हे बंदर पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. तथापि पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. या काळात ताजी मासळी दुर्मीळ होते आणि सुक्या बोंबलांच्या जोडीने कोंबडीला ताटात अधिक जागा मिळते. मासळी मिनिटांत शिजते आणि तिला ढवळणे सोसत नाही, याउलट कोंबडीचे तुकडे उलथन्याचा मार सहन करतात आणि आपला रस भांड्यात सोडतात. पिष्टमय पदार्थ त्याच भांड्यात शिजवायचा असेल, तर हा रस फार मोलाचा ठरतो.

कोंबडी आणि पिष्टमय पदार्थ यांचा असा मिलाफ याच जिल्ह्यात पूर्वीपासून आहे. वसई तालुक्यातील आगाशीचे भुजिंग हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यात कोंबडीचे तुकडे निखाऱ्यावर भाजून घेतात आणि नंतर मसाला, बटाटा व पोहे यांच्याबरोबर एका मोठ्या भांड्यात परततात. पोहे तयार होतानाच भाताचा दाणा भिजवून, तापवून आणि चेपून अर्धाअधिक शिजवलेला असतो, त्यामुळे कोंबडीचा रस आणि मसाल्यातील ओलावा एवढेच त्याला मऊ होण्यास पुरते. पास्ता मात्र पूर्णपणे कच्चा आणि कोरडा असतो. त्याला पाणी मोजून द्यावे लागते आणि ते आत मुरण्यास वेळही द्यावा लागतो. भुजिंगाची रीत जाणणाऱ्या स्वयंपाकघराला पास्त्यासाठी एवढाच फरक शिकावा लागतो.

पास्ता ज्या गव्हापासून बनतो, त्या ड्युरम जातीच्या कठीण गव्हाला महाराष्ट्रात बन्सी गहू म्हणतात आणि त्याचा रवा अनेक घरांत शिऱ्यासाठी आणला जातो. या गव्हात प्रथिने भरपूर असतात. पीठ मळताना त्यांची एक जाळी तयार होते आणि स्टार्च, म्हणजे धान्यातील पिठूळ भाग, त्या जाळीच्या घरांत अडकून राहतो. गरम पाणी आत शिरले की सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांतील काही भाग बाहेर निसटतो. नेहमीच्या पद्धतीत हा निसटलेला स्टार्च गाळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातो, तर एका कढईच्या पद्धतीत तो रश्श्यातच राहून त्याला दाटपणा आणतो, आणि म्हणूनच या पदार्थात मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर घालण्याची गरज नसते. मैद्याचा स्वस्त पास्ता वापरल्यास मात्र जाळी कमकुवत असल्यामुळे स्टार्च प्रमाणाबाहेर सुटतो आणि कढईत खळ तयार होते. पाकिटावर रवा किंवा ड्युरम गहू असा उल्लेख पाहून घेणे त्यासाठी आवश्यक आहे.

भांड्याची निवडही पदार्थाचे भवितव्य ठरवते. खोल पातेल्यापेक्षा सुमारे २८ सेंटिमीटर रुंदीची, जाड बुडाची आणि झाकण असलेली पसरट कढई योग्य, कारण तिच्यात तुकडे एका थरात बसतात आणि पास्ता पाण्याखाली राहतो. टोमॅटोसारखा आंबट जिन्नस ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करतो, म्हणून स्टील अथवा नॉनस्टिक भांडे बरे. नॉनस्टिक असल्यास ते रिकामे असताना मोठ्या आचेवर तापवू नये.

चार माणसांसाठी ५०० ग्रॅम बिनहाडाची कोंबडी, शक्यतो मांडीची, ३०० ग्रॅम पेने किंवा त्यासारखा आखूड पास्ता, ३०० ग्रॅम टोमॅटो, एक मोठा कांदा, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, एक ढोबळी मिरची आणि सुमारे ७०० मिलिलिटर आधणाचे पाणी असे प्रमाण पुरते. ढोबळी मिरची या भागात सहज मिळते, कारण डहाणू तालुक्यातील वाणगाव परिसरात तिची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. काम सुरू करताना भाज्या आधी आणि कोंबडी शेवटी चिरावी, म्हणजे कच्च्या मांसाचा स्पर्श झालेली सुरी आणि पाट पुन्हा भाजीला लागत नाहीत आणि मध्येच धुण्याचा खोळंबाही होत नाही. तुकडे साधारण अडीच सेंटिमीटरचे आणि सारख्या आकाराचे असावेत; त्यांना मीठ, हळद, आले-लसूण आणि घरचा मसाला चोळून ठेवावे आणि शेजारच्या शेगडीवर पाणी तापत ठेवावे.

पहिली पायरी परतण्याची. तेल चांगले तापल्यावर तुकडे एका थरात मांडून दोन-अडीच मिनिटे हलवू नयेत. मांसाच्या पृष्ठभागावरील पाणी उडून जाईपर्यंत तेथील तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. ते उडाल्यानंतर साधारण १४० अंशांच्या आसपास प्रथिने आणि शर्करा यांच्यात तांबूस रंग व खमंग वास निर्माण करणारी प्रक्रिया वेग घेते, जिला १९१२ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. कढईत तुकड्यांची गर्दी झाली किंवा ते सतत ढवळले गेले, तर सुटलेले पाणी तेथेच साचते, कोंबडी परतली जाण्याऐवजी उकडली जाते आणि पुढच्या रश्श्याला चव देणारा तांबूस थर तळाशी जमतच नाही. दोन्ही बाजूंनी रंग आलेले, पण आतून अजून कच्चे असलेले तुकडे एका ताटलीत काढून ठेवावेत. ही ताटली पुढे वाढण्यासाठी न धुता वापरू नये.

त्याच तेलात कांदा आणि लसूण परतून टोमॅटो घातला की त्याच्या रसाने तळाचा तांबूस थर सुटू लागतो आणि उलथन्याने तो खरवडून घेता येतो. हा थर न सोडवता पास्ता घातल्यास पुढे तेथेच तळाला लागण्यास सुरुवात होते. टोमॅटो पूर्ण गळून तेल कडेने दिसू लागल्यावर पास्ता, आधणाचे पाणी आणि मीठ घालून एक उकळी येऊ द्यावी, आच मध्यम करावी आणि झाकण ठेवावे. यात मिठाचा हिशेब वेगळा असतो. पास्ता उकडून गाळताना पाण्यातील बरेचसे मीठ पाण्याबरोबरच निघून जाते, परंतु येथे घातलेला प्रत्येक कण ताटात येतो; म्हणून सुरुवातीस हात आखडता घेऊन शेवटी चव पाहणे श्रेयस्कर. पहिली दोन मिनिटे पास्त्याचे तुकडे एकमेकांना चिकटण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण बाहेरचा स्टार्च तेव्हाच फुगू लागतो; त्या वेळी तीन-चारदा ढवळल्यास नंतर अधूनमधून पाहणे पुरते.

या पदार्थाची खरी अडचण अशी की, त्यात दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. पास्त्याला सुमारे ११ ते १३ मिनिटे लागतात, तर रंग येईपर्यंत परतलेल्या बिनहाडाच्या तुकड्यांना पाच-सहा मिनिटे पुरतात. म्हणून तुकडे पास्त्याबरोबर सुरुवातीपासून न ठेवता अखेरच्या सहा मिनिटांत त्यांच्या रसासह परत घालावेत. कोंबडीचा आतील भाग ७४ अंशांपर्यंत तापणे सुरक्षिततेसाठी आवश्यक मानले जाते, परंतु त्याच्या फार पुढे गेल्यास छातीचे मांस रस सोडून चोथट होते. मांडीच्या मांसात चरबी आणि संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना बांधणारे धागे, अधिक असल्यामुळे ते दोन-चार मिनिटांची चूक पोटात घालते. घरात हाडांसकट कापून आणलेली कोंबडी असेल, तर क्रम उलटावा लागतो: आधी टोमॅटोच्या रश्श्यात झाकण ठेवून ती पंधरा मिनिटे शिजवावी आणि मगच पास्ता घालावा. एकूण वेळ वाढतो, पण हाडांचा रस उतरल्यामुळे रश्श्याला येणारी गोडी त्याची भरपाई करते.

पास्ता दाताखाली घेतला असता मधोमध किंचित कणी राहिली असेल, तेव्हाच गॅस बंद करावा, कारण उरलेल्या उष्णतेत आणि रश्श्यात ती आपोआप मुरते. तोपर्यंत पाणी आटून गेले असेल, तर थोडे आधणाचेच पाणी घालावे. थंड पाण्याने उकळी मोडते, पास्ता भिजत राहतो आणि बाहेरून गिळगिळीत होतो. परदेशी कृतींत या टप्प्यावर साय किंवा चीज असते. माहीमसारख्या नारळाच्या गावात दीडशे मिलिलिटर दाट नारळाचे दूध तेच काम करते, मात्र ते आच बंद केल्यानंतरच घालावे. नारळाच्या दुधातील स्निग्ध कण प्रथिनांच्या आधाराने पाण्यात विखुरलेले असतात आणि जोराच्या उकळीने व टोमॅटोच्या आंबटपणाने तो आधार सुटून दूध फाटते. त्यानंतर दोन मिनिटे झाकून ठेवल्यास रस्सा दाटून तुकड्यांना धरतो.

घाईत अनेक घरे हाच पदार्थ प्रेशर कुकरमध्ये करतात. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांवर उकळत असल्यामुळे वेळ निम्म्याच्या आसपास येतो, परंतु कणीची परीक्षा घेता येत नाही आणि स्टार्चचा फेस शिट्टीच्या छिद्रात जाण्याचा धोका असतो. त्यामुळे कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये. उरलेला पास्ता सकाळच्या पाळीच्या डब्यासाठी ठेवायचा असल्यास, किनाऱ्याच्या दमट हवेत तो ओट्यावर न ठेवता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. रात्रभरात तो रस्सा शोषून घट्ट होतो, म्हणून गरम करताना पाव वाटी पाणी घालून पूर्ण वाफ येऊ द्यावी.

आता बचतीचा हिशेब. पास्ता वेगळा उकडण्यासाठी ३ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवावे लागले, तर ७०० मिलिलिटर पाण्याच्या तुलनेत त्याला चौपटीहून अधिक उष्णता लागते. गॅसची आणि पाण्याची ही बचत निर्विवाद आहे. मोठे पातेले, चाळण आणि रश्श्याचे दुसरे भांडे घासावे लागत नाही, हीही बचत खरी आहे. मात्र अर्ध्या तासात जेवण तयार होते हे विधान अर्धवट आहे, कारण तो अर्धा तास कढई तापल्यापासून मोजलेला असतो आणि त्याआधीची चिराचीर, कोंबडीच्या दुकानापुढील थांबणे व नंतरची आवराआवर त्यात धरलेली नसते. कोंबडी आदल्या रात्री मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवली, भाजी घरातील दुसऱ्या कुणी चिरून दिली आणि जेवणानंतर ती एकमेव कढई तिसऱ्याने घासली, तर पाळी संपवून आलेल्या व्यक्तीच्या वाट्याला खरोखरच अर्ध्या तासाचे काम उरते. हे सारे एकाच व्यक्तीवर पडत असेल, तर भांडी कमी होतात, श्रम मात्र फारसे कमी होत नाहीत.