गल्लीतले क्रूस

वांद्र्याच्या रानवार, वरोडा, चिंबई या जुन्या गावठाणांतून चालताना क्रूस भेटत राहतात. कुठे घराच्या भिंतीला टेकलेला, कुठे वळणावर, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर. त्यांतले अनेक प्लेगच्या काळातले. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी मांडवीत गाठीचा प्लेग ओळखला आणि मुंबई रिकामी होऊ लागली. मागे राहिलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिक, कुटुंबांनी साथीपासून रक्षण व्हावं म्हणून दारापुढेच क्रूस उभारले.

या क्रूसाला धर्मगुरू लागतोच असं नाही. मे महिन्यात संध्याकाळी गल्ली जमते, कुणीतरी जाणती बाई रोझरी (जपमाळेची प्रार्थना) सांगते, बाकीचे उत्तर देतात. मग गाणी, उकडलेले चणे आणि गप्पा. चुना, फुलं, मेणबत्त्या यांचं शेजारीच बघतात. कोण आलं नाही, हे इथे लगेच कळतं.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत चर्चची दारं मात्र बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर, १२ एप्रिलचा, लोकांनी मोबाइलवर पाहिला. अंथरुणाला खिळलेल्यांना पडद्यावरच्या त्या मिस्साचा (उपासनेचा) मोठा आधार झाला, हे मान्यच. पण पडद्यावरून कम्युनियन मिळत नाही, आणि शेजारी बसलेल्याचा खांदाही. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. कित्येकांचं रडणं तसंच राहून गेलं. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा मिटली, ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली.

वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा दोन वर्षांच्या खंडानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये भरली. गर्दी लोटली, आनंदच आहे. पण गर्दी परतली म्हणजे समुदाय परतला, असा हिशेब मला पटत नाही. जत्रेत न आलेल्याची चौकशी कोण करतं? कुणी घाबरून घरी बसलेलं, कुणी दुःखात, कुणाला सोफ्यावरची मिस्साच सोयीची वाटू लागलेली. त्यांच्यापर्यंत वेदीवरून हाक पोचत नाही, गल्लीतून पोचते.

धर्मग्रामांनी कॅमेरे खुशाल चालू ठेवावेत. मात्र येत्या मे महिन्यात धर्मगुरूंनी रोज एका क्रूसापाशी जाऊन बसावं, रोझरीनंतर चणे खाईपर्यंत थांबावं, आणि जी घरं आली नाहीत त्यांची दारं त्याच संध्याकाळी वाजवावीत.