पोटात कळ आली, तर काय पाहावे?

"बेंबी सरकली असेल, पोट चोळा." शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर काय किंवा दौंडच्या ऊसपट्ट्यात काय, पोट दुखले की हा सल्ला मिळतोच. साधी मोडशी असली तर ती आपोआप थांबते. नाव मात्र चोळण्याचे होते. पण काही पोटदुखी जिवावर बेतते. ती ओळखायला आपण शिकू.

पहिल्याने रोग्याला चार प्रश्न विचारावे. कळ केव्हा आली? कुठे आली? कुठे सरकली? सोबत आणखी काय होते?

कळ आधी बेंबीजवळ आली, मग उजवीकडे खाली गेली, ओकारी झाली, ताप आला, तर आंत्रपुच्छ सुजले असेल. लोक त्याला अपेंडिक्स म्हणतात. मोठ्या आतड्याला लोंबणारी ही बोटाएवढी शेपटी. ती फुटली तर पोटात पू पसरतो.

कळ कमरेतून जांघेत जाते, रोगी तळमळतो, लघवी लाल होते. तर मुतखडा असेल. पोट फुगले, वारा सरेना, ओकाऱ्या थांबेनात. तर आतडे अडकले असेल. पोट फळीसारखे ताठ झाले, तर आत काही फुटले असेल.

पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात कळ येऊन घेरी आली, तर गर्भ नळीत राहून आत रक्तस्राव होत असेल. उतारवयात छातीखाली कळ येऊन घाम फुटला, तर दुखणे काळजाचेही असते.

आणखी एक. जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार चावली असेल. तिच्या दाताची खूण पुष्कळदा दिसतही नाही. मांत्रिकाकडे जाऊ नका, सरकारी दवाखाना गाठा. तिथे विषावरची लस मिळते.

अशा वेळी पोट चोळू नये, शेकू नये, डागू नये. एरंडेल देऊ नये; आंत्रपुच्छ फुटण्याचे भय वाढते. शस्त्रक्रिया लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नये. १०८ नंबर फिरवावा. रुग्णवाहिका फुकट येते.

"उसाची मोळी टाकून कसे जाऊ?" असे कुणी म्हणेल. त्याला आम्ही एक गोष्ट सांगतो. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याला हेच आंत्रपुच्छाचे दुखणे झाले. राज्याभिषेक दोन दिवसांवर आला होता. तो पुढे ढकलून आधी शस्त्रक्रिया केली. राजा वाचला, आणि ऑगस्टमध्ये मुकुटही चढला.

राज्याभिषेक थांबतो, तर मोळी का थांबणार नाही?