सुदेवाचं काम

कौंडण्यपूरला वर्धेच्या काठावर रुक्मिणीची गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही. तिनं द्वारकेला पत्र धाडलं, कृष्ण आला आणि अंबिकेच्या देवळापासून तिला घेऊन गेला. ते पत्र नेणारा सुदेव मात्र कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही. आंतरराष्ट्रीय शिक्षणातलं करिअर म्हणजे या सुदेवाचं काम आहे, असं मला वाटतं. एमए, एमएस्सी झालेली आपली पोरं स्वतः परदेशी जायचा विचार करतात. दुसऱ्याला तिथवर पोचवणं हेही पोटापाण्याचं आणि मानाचं काम आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

वऱ्हाडात दुसऱ्याला वाट करून देण्याची ही रीत जुनी आहे. पापळचे पंजाबराव देशमुख 1920 साली विलायतेला गेले. एडिंबरोला एमए, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर डॉक्टरेट, वर बॅरिस्टरी, असं सगळं करून ते 1926 मध्ये परतले. मग अमरावतीत बहुजनांच्या पोरांसाठी श्रद्धानंद छात्रालय उभं राहिलं आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था.

आज परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत वर्षाला 125 जागा असतात, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. 2022 च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले. म्हणजे पंजाबरावांसारखा विषय घेऊन आज एखाद्या दलित मुलीला ऑक्सफर्डला जायचं असेल, तर हे दार तिला बंद. मला हा अन्याय वाटतो. नियम वाचून असं वेळेवर सांगणारं माणूस जवळ नसलं की पोरांची वर्षं वाया जातात.

लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेच्या राजू केंद्रे यांनी नेमकं हेच काम हाती घेतलं. घरातल्या शिक्षणाची ही पहिलीच पिढी. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून ('टिस') एमए झाल्यावर त्यांनी यवतमाळात एकलव्य ही संस्था सुरू केली आणि 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. आज ही संस्था पहिल्या पिढीच्या पोरांना देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांचे अर्ज भरायला शिकवते.

नोकऱ्याही वाढताहेत. यूजीसीनं 2021 मध्ये विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय विभाग उघडायला सांगितलं. ब्रिटनचं साउदॅम्प्टन विद्यापीठ 2025 मध्ये गुरुग्रामला आलं. बाजारातले बरेच एजंट मात्र विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कमिशनवर जगतात. ज्या विद्यापीठाचं कमिशन जास्त, त्याचं नाव ते आधी घेतात. या क्षेत्रात येणाऱ्यानं पगार कुठून येतो ते आधी पाहावं.

तिवसा तालुक्यातली एक मुलगी मागच्या आषाढात आपल्या अर्जाचं उद्देशपत्र घेऊन माझ्याकडे आली होती. पहिल्याच ओळीत जग बदलायची इच्छा. मी विचारलं, सुट्टीत काय करतेस? कापूस वेचते, म्हणाली. बोंडअळीनं पोखरलेली बोंडं बाजूला काढायची, त्यांची संख्या वहीत मांडायची. तीन वर्षांची ती वही कीटकशास्त्राच्या अर्जात कुठंच नव्हती! पाच वेळा लिहून झाल्यावर पत्र त्या वहीपासून सुरू झालं. जाताना तिला म्हटलं, तुझ्या भावाचाही अर्ज आण, पाहून देतो.

"राहू द्या सर," ती म्हणाली, "त्याचं आता मीच पायतो."